चार नद्यांचे क्वेंका

दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर एक्वाडोर हा चिमुकला देश विद्यार्थ्यांस छडीने दाखविण्याचे काम आम्ही बत्तीस वर्षे केले. परंतु त्या छडीच्या टोकाखाली आपण स्वतः कधी जाऊन उभे राहू, हे स्वप्नातही आले नव्हते. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त न्यूयॉर्क येथे असतात. २०२५च्या नोव्हेंबरात त्यांनी रजा काढली आणि आम्हां उभयतांस घेऊन ते क्वेंका नावाच्या डोंगरी शहरी गेले. तेथे आमचा बारा दिवस मुक्काम झाला. सारीच हकीकत लिहू लागलो तर संपादकांस कात्री घ्यावी लागेल. म्हणून जे मनात ठसले तेवढेच सांगतो.

ग्वायाकील हे बंदर समुद्रसपाटीचे. तेथून मोटारीने निघाले की केळीच्या बागा मागे पडतात, धुके लागते, आणि काही तासांतच रस्ता ४,००० मीटरांहून उंच अशा काहास नावाच्या पठारी प्रदेशात नेऊन सोडतो. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवावी आणि तिच्यावर आणखी अर्धी, इतकी ही उंची. आमच्या कुटुंबाचे डोके भणभणू लागले. आम्हांसही चार शब्द बोलताना धाप लागली. अशा वेळी लवकर खाली उतरणे हाच उपाय, असे म्हणून चिरंजीवांनी मोटार थांबविली नाही. पठाराचे दर्शन त्या दिवशी काचेतूनच झाले.

क्वेंका आहे सुमारे २,५५० मीटरांवर. विषुववृत्त जेमतेम तीन अंश दूर. पण उंचीमुळे हवा अशी की, दुपारी पंखा नको आणि रात्री घोंगडी हवी. शहराची वस्ती साडेतीन लाखांच्या वर. चोहोंकडे हिरवे डोंगर आणि मधून वाहणाऱ्या चार नद्या : तोमेबाम्बा, यानुंकाय, तार्की आणि माचांगारा. शहराच्या पूर्ण नावातच ‘चार नद्यांचे’ असे शब्द आहेत. ‘क्वेंका’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नदीचे खोरे. नाव पडले ते स्पेनमधील एका शहरावरून. तरी यथार्थ नाव इतके क्वचितच पाहावयास मिळते.

स्पॅनिश लोकांनी १५५७ साली हे गाव वसविले. त्यापूर्वी येथे इंका सम्राटांची तोमेबाम्बा नगरी होती आणि तिच्याही आधी कान्यारी लोकांचे ग्वापोंदेलिग. एकावर एक तीन गावे! इंकांच्या वाड्यांचे चौथरे पुमापुंगो येथे अद्याप दिसतात. निळ्या घुमटांचे नवे कॅथीड्रल १८८५ साली बांधावयास घेतले. पण आम्हांस ओढ होती समोरच्या जुन्या, लहान देवळाची. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, असे फळ्यावर लिहून आम्ही मोकळे होत असू. ते ज्या मोजणीने ठरले, तिच्यासाठी १७३६ मध्ये फ्रेंच पंडित या देशी आले होते. कीटोपासून क्वेंकाजवळच्या तार्कीच्या मैदानापर्यंत सुमारे तीन अंशांचे अंतर त्यांनी त्रिकोण मांडून मोजले, आणि या जुन्या देवळाचा मनोरा त्यांच्या खुणेच्या स्थानांपैकी एक होता. आम्ही त्या मनोऱ्यास मनोमन नमस्कार केला. चिरंजीव हसले, हसोत बापडे.

शाकाहारी माणसाचे परदेशी हाल होतात, हा अनुभव येथे आला नाही. ‘मोते’ म्हणजे मक्याच्या पांढऱ्याशुभ्र घुगऱ्या. बटाट्याचे दाट सार, त्यात चीज आणि आव्होकॅडो. (बाजारात अख्खे भाजलेले गिनीपिग टांगलेले दिसतात, तिकडे पाठ करून चालावे.) एकादशी आली तेव्हा आमच्या कुटुंबास काळजी पडली. आम्ही त्यांस म्हटले, “बटाटा, भुईमूग, मिरची, आणि ज्याचा साबुदाणा करतात तो कंदसुद्धा याच खंडाचा. तुमचा उपवास आज माहेरी आला आहे!”

आम्ही उतरलो होतो ते बिऱ्हाड एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे. आम्हीही शिक्षक, हे कळताच त्या आम्हांस ‘प्रोफेसोर’ म्हणू लागल्या. तिकडे साध्या मास्तरासही तसेच म्हणतात म्हणे. तरी मॅट्रिक झालेल्या माणसास ते ऐकून बरे वाटले. पहिल्याच सायंकाळी त्यांनी नळाखाली पेला धरला आणि तसाच आमच्या पुढे केला. आमचा हात घुटमळला. आमचे बालपण कृष्णेच्या घाटावर गेले. तेव्हा आम्ही ओंजळीने नदी प्यालो आहो. आज त्याच गावी आमच्या स्वयंपाकघरात पाणी गाळण्याचे विजेचे यंत्र भिंतीवर आहे. बाईंनी आमचा संकोच ओळखला आणि खिडकीतून डोंगराकडे बोट दाखविले : हे पाणी तिकडून, काहासहून येते.

पुढे चिरंजीवांस दुभाष्या करून त्यांनी जे सांगितले त्यात सारे शहर गुंतलेले आहे. दक्षिणेकडे डोंगरांत किमसाकोचा नावाची जागा आहे. स्थानिक केचुआ भाषेत ‘किमसा’ म्हणजे तीन आणि ‘कोचा’ म्हणजे सरोवर. त्या त्रिसरोवराच्या परिसरात भूगर्भात सोने आहे, आणि तेथूनच तार्की व यानुंकाय या नद्यांस पाणी मिळते. सोने काढावे की पाणी राखावे? ७ फेब्रुवारी २०२१ रोजी मतपेटीत हाच प्रश्न आला : नद्यांच्या उगमक्षेत्रांत धातूंच्या मोठ्या खाणींस बंदी असावी काय? साथीचे दिवस, तोंडाला फडके. तरी लोक आले आणि शेकडा ८०हून अधिकांनी ‘होय’ म्हटले. पण बंदी पुढील खाणींस. जुने करार राहिलेच. २०२५ साली सरकारने तेथील खाणीस पर्यावरणाचा परवाना दिला, तेव्हा सप्टेंबरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. बाईही गुडघेदुखी विसरून चालल्या होत्या. ऑक्टोबरात परवाना मागे घेण्यात आला.

आम्ही शंका काढली, “देश गरीब आहे, सोन्याच्या पैशातून शाळा होतील, शिक्षकांचे पगार होतील.” बाई रागावल्या नाहीत. गरिबी त्यांनी वर्गात रोज पाहिली होती, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी २०२४च्या अवर्षणाची गोष्ट सांगितली. तोमेबाम्बाचे गोटे उघडे पडले, धरणे आटली आणि तासन् तास वीज नसे. मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी नातवंडांचा अभ्यास घेतला. “पगार उशिरा झाला तर उधारीवर भागविता येते, प्रोफेसोर,” त्या म्हणाल्या, “नदी उधार कोण देतो?”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. शंका मात्र सर्वस्वी फिटली असेही नाही.

परतीच्या वाटेवर काहासला मोटार थांबली. आता उंचीची सवय झाली होती. जिकडेतिकडे लहानमोठी सरोवरे, कागदासारखी साल सुटणारी बुटकी झाडे आणि पिवळट गवत. धुके व पाऊस ही माती स्पंजासारखी शोषून घेते आणि वर्षभर थोडेथोडे पाणी सोडते. ओढ्याचे पाणी बर्फासारखे गार. स्नान अशक्यच, आम्ही बोटे बुडविली आणि सवयीने सात नद्यांची नावे ओठांवर आली. त्यांत आणखी चार आम्ही मनात जोडून घेतल्या. उठताना पाऊल गवतात खोल रुतले. ते उपसून काढले तर खळग्यात हळूहळू पाणी भरून येऊ लागले. ते पुरते भरेपर्यंत थांबावयाचे होते. पण मोटारीतून कुटुंबाची हाक आली.