लिहिलं तरच कॉपी

युनिक्समध्ये नवा प्रोग्रॅम सुरू करायची रीत मुळातच उधळी. चालू प्रोसेसने आधी स्वतःची हुबेहूब जुळी काढायची, म्हणजे फोर्क. त्या जुळीने बहुधा लगेचच ती सगळी मेमरी टाकून दुसराच प्रोग्रॅम चढवायचा. पीडीपी-७ वर प्रोसेस इवल्याशा होत्या, खपून गेलं. १९७९ मध्ये बर्कलीच्या मंडळींनी व्हॅक्सवर व्हर्च्युअल मेमरी आणली, तेव्हा हा खर्च खुपू लागला. त्यांची पळवाट म्हणजे व्हीफोर्क: मूळ प्रोसेस थांबवायची आणि तिचीच मेमरी जुळीला उसनी द्यायची. खरा उपाय बीबीएन कंपनीच्या टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तोवर काही वर्षं चालू होता. लिनक्सने तो सुरुवातीपासूनच घेतला.

त्याचं नाव कॉपी-ऑन-राइट. फोर्क होताना कर्नेल मेमरीची पानं कॉपी करत नाही, पेज टेबलातल्या नोंदी तेवढ्या उतरवून घेतो. दोन्ही नोंदी एकाच पानाकडे बोट दाखवतात आणि दोन्हींतला लिहिण्याच्या परवानगीचा बिट काढून घेतलेला असतो. सातबाऱ्यावर नावं दोन भावांची, शेत एकच. वाटणी पहिला नांगर लागेल तेव्हा. कोणी एक बाइट जरी लिहायला गेलं, तरी प्रोसेसर पेज फॉल्ट देऊन काम कर्नेलकडे सोपवतो. कर्नेल मग स्वतःजवळची दुसरी नोंद पाहतो: या भागात लिहायची मुभा मुळात होती का? नसेल तर सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्रॅम खलास. असेल तर ४०९६ बाइटचं नवं पान घेऊन मजकूर उतरवतो, परवानगी देतो आणि अडलेली सूचना पुन्हा चालवू देतो. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही.

म्हणजे पेज टेबलातली मनाई लटकी आहे, खरं काय ते दुसरीकडे लिहिलेलं. या दोन नोंदींमधल्या फटीतच सगळी दुखणी जन्मली, असं माझं मत.

इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरवर कर्नेल स्वतः लिहीत असला, तर लिहिण्याच्या परवानगीचा बिट पाळलाच जात नसे. डिस्कवरून वाचलेला मजकूर वापरकर्त्याच्या बफरमध्ये ठेवताना कर्नेलकडूनच सामाईक पान बिघडायचं. त्यामुळे लिनक्सला दरवेळी आधी तपासणी करावी लागे. ४८६ ने ही उणीव भरून काढली, तरी ३८६ चं ओझं लिनक्सने २०१३ मध्ये ३.८ आवृत्ती येईपर्यंत वाहिलं.

मोठा दणका २०१६ चा, ‘डर्टी काऊ’ नावाची सुरक्षेतली चूक. फक्त वाचता येणारी फाइल खासगी म्हणून मेमरीत जोडायची. एका थ्रेडने प्रॉक फाइल सिस्टिममधून त्यावर लिहायला लावायचं. कर्नेल खासगी कॉपी काढतो. ‘कॉपी झाली, आता लिहिण्याची परवानगी मागायला नको’ असं धरून तो परत वळतो, तेवढ्यात दुसरा थ्रेड ती कॉपी टाकून देतो. कर्नेलच्या हाती लागतं मूळ फाइलीचं पान, आणि लेखणी त्यावर चालते. साधा वापरकर्ता रूटच्या फाइलीवर लिहू शके. शोधलं फिल ओस्टरने. पण लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने हीच चूक त्याच्या ११ वर्षं आधी दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता आणि आयबीएमच्या एस३९० यंत्रांवर अडचणी आल्याने तो बदल मागे गेला होता.

तरी कॉपी-ऑन-राइटवाचून चालत नाही. रेडिस हा डेटाबेस स्वतःचा फोर्क करतो. जुळी प्रोसेस त्या क्षणाचा डेटा सावकाश डिस्कवर उतरवते, मूळ प्रोसेस ग्राहक सांभाळते. मात्र तेव्हा लिखाण जोरात असेल तर मेमरी दुपटीकडे सरकते. पानं २ एमबीची ठेवली असली, तर २०२० पर्यंत लिनक्समध्ये एका बाइटसाठी २ एमबी कॉपी होत असे. म्हणून रेडिसवाले ती मोठी पानं बंद ठेवायला सांगत आले आहेत.