पडला की पाडला?

१८ डिसेंबर २०२२ च्या रविवारी रात्री दादरला आमच्या शेजाऱ्यांकडे विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना पाहायला पंधरा-वीस माणसे जमली होती. खोलीची सरळ फाळणी झालेली होती. खिडकीकडचे अर्जेंटिनाचे, दाराकडचे फ्रान्सचे. (या दोन्ही देशांत कधी पाऊलही न टाकलेली माणसे इतक्या त्वेषाने वाटली जातात, हाही संशोधनाचाच विषय आहे.) सामना सुरू होऊन वीस-बावीस मिनिटे झाली असतील. अर्जेंटिनाचा दी मारिया डावीकडून चेंडू घेऊन पेनल्टीच्या चौकटीत शिरला, फ्रान्सचा डेंबेले त्याच्या मागून धावत आला आणि दी मारिया कोसळला. पोलंडचे पंच मार्चिन्याक यांनी लगेच पेनल्टी दिली. मेस्सीने गोल केला.

"सरळ सरळ पाय लागलाय!" खिडकीकडून आवाज आला. "कुठे लागलाय? वारा लागला असेल!" दाराकडून उत्तर गेले. मग पडद्यावर तोच प्रसंग पुन्हा दाखवला. समोरून, मागून, संथ गतीने. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंना आपलेच म्हणणे अधिक खरे वाटू लागले. शेवटी एका मुलाने आमच्याकडे मोर्चा वळवला. "काका, तुम्ही शास्त्रज्ञ ना? मग सांगा, पडला की पाडला?"

आम्हाला सांगता आले नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. पुरावा वाढला की मतभेद कमी व्हावेत, अशी आपली विज्ञानातली सवय. इथे पुरावा वाढत होता आणि भांडणही वाढत होते. असे का व्हावे?

या प्रश्नाचा पहिला नीट अभ्यास अमेरिकेत झाला. नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना झाला. हा अमेरिकी फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा आणि एकमेकांना आडवे करण्याचा खेळ. सामना फार दांडगाईचा झाला. प्रिन्स्टनच्या नामवंत खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. दोन्ही विद्यापीठांत आरोपांची राळ उडाली. तेव्हा डार्टमथचे हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली. सामन्याचे एकच चित्रण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवले आणि सांगितले, दिसेल तो नियमभंग कागदावर नोंदवा.

डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे सरासरी ४.३ नियमभंग दिसले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना त्याच डार्टमथ संघाचे, त्याच चित्रणात, ९.८ दिसले. म्हणजे दुपटीहून अधिक! इथे कुणी खोटे बोलत होते असे समजायचे कारण नाही. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लेखकांनी मांडलेला विचार असा, की एक सामना बाहेर मैदानावर असतो आणि माणसे त्याकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात, असे नाहीच. ती मुळात दोन वेगळे सामने पाहतात. मैदानावर एका क्षणी शेकडो हालचाली चालू असतात. त्यांतल्या कोणत्या उचलायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या ही निवड डोळा करतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती मन करते, आणि आपल्याला न विचारता करते.

मग दी मारियाच्या पडण्याबद्दल काहीच वस्तुनिष्ठ सांगता येणार नाही का? थोडेफार येते, कारण पडणे ही पदार्थविज्ञानाची बाब आहे.

धावत्या माणसाच्या पुढच्या पायाला अडथळा आला की पाय थांबतो, पण धड जडत्वामुळे पुढेच जात राहते. त्यामुळे शरीर अडलेल्या पायाभोवती पुढच्या बाजूला फिरते. माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर असतो. एक मीटरवरून सोडलेला दगड ०.४५ सेकंदात जमिनीवर येतो. कलंडत पडणाऱ्या माणसाला याहून थोडा जास्तच वेळ लागतो. अनपेक्षित घटनेला प्रतिसाद द्यायला आपल्याला साधारण ०.२ सेकंद पुरतात. म्हणजे हात पुढे करून तोंड वाचवायला सवड असते, आणि हात आपोआप पुढे जातात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. सहा ते नऊ महिन्यांच्या बाळाला पोटावर आडवे धरून अलगद खाली नेले तर तेही दोन्ही तळवे पुढे करते. एकदा आलेली ही क्रिया जन्मभर टिकते.

आता फुटबॉलमध्ये नेहमी दिसणारे एक दृश्य आठवा. खेळाडू छाती पुढे काढतो, डोके मागे टाकतो, दोन्ही हात वर फेकतो, गुडघे मुडपतो आणि हवेत ताणलेल्या धनुष्यासारखा दिसतो. इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातील मॉरिस आणि लुइस यांनी २०१० च्या सुमारास अशा पडण्यांचा अभ्यास केला आणि या पवित्र्याला 'धनुर्धाऱ्याचे धनुष्य' असेच नाव दिले. तोल गेलेला माणूस हात वर करत नाही. वर केलेले हात पंचांना दिसावेत म्हणून असतात. त्यांनी आणखीही काही खुणा सांगितल्या. धक्का आणि पडणे यांत फट पडली का? पडण्याची दिशा आणि जोर धक्क्याशी जुळतात का? आणि धक्का खांद्याला लागला असताना गडी घोटा धरून लोळतो आहे का? शेवटची खूण वर्ग चौथीच्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको.

तरीही या खुणांनी सगळे प्रकरण मिटत नाही. पाठीत धक्का बसला तर डोके क्षणभर मागे राहते, बस अचानक सुटल्यावर आपले राहते तसेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. "एवढ्याशा धक्क्याने कुणी पडतो का?" असे प्रेक्षक हमखास विचारतात. उत्तर असे, की उभा माणूस पडत नाही, धावणारा पडू शकतो. धावताना काही क्षण दोन्ही पाय हवेत असतात. मागचा पाय ठरल्या वेळी पुढे येऊन टेकला नाही तर शरीराखाली आधारच उरत नाही. मागून येणाऱ्याचा बूट टाचेला नुसता घासला आणि तो पाय आपल्याच दुसऱ्या पोटरीला अडकला, तरी भरधाव धावणारा खेळाडू कोसळतो. त्याला पाडणारी ऊर्जा धक्क्याची नसते, त्याच्या स्वतःच्या वेगाची असते. म्हणून धक्का 'किती जोराचा' होता हा प्रश्नच फारसा उपयोगाचा नाही. तो पावलाच्या कोणत्या क्षणी लागला, हे पाहावे लागते. डेंबेले-दी मारिया वाद मिटत नाही तो यामुळे. स्पर्श थोडासा होता हे दोन्ही बाजूंना मान्य आहे, पण त्याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला आहे.

त्याच सामन्यात निर्धारित वेळ संपत आली असताना फ्रान्सचा तुराम चौकटीत पडला. पंचांनी त्यालाच पिवळे कार्ड दाखवले. पडण्याचे सोंग करणे हा १९९९ पासून कार्डाचा गुन्हा आहे. पण ही शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा होते? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञांनी युरोपातल्या सहा व्यावसायिक साखळ्यांतले ६० सामने तपासले. सुमारे २८०० वेळा खेळाडू पडले होते, त्यांपैकी १६९ सोंगे होती, म्हणजे शंभरात सहा. त्यांतल्या एकालाही शिक्षा झाली नव्हती. सोंगे प्रतिपक्षाच्या गोलाजवळ अधिक होती, म्हणजे जिथे फायदा मोठा तिथे. हा निबंध २०११ चा. जीवशास्त्रज्ञांनी फुटबॉलकडे का पाहावे असे वाटेल. पण प्राण्यांमधले फसवे इशारे हा त्यांचा जुना विषय आहे. खोटा इशारा फार वेळा दिला की ऐकणारे त्याकडे दुर्लक्ष करतात आणि खऱ्या इशाऱ्याचेही मोल जाते. म्हणून फसवणूक थोड्या प्रमाणातच टिकते. शंभरातले सहा खोटे तगतात, ते उरलेल्या चौऱ्याण्णवांच्या आधारावर.

आता पंचांकडे वळू. सामना पाहणाऱ्यांत मूळचे कोल्हापूरचे एक गृहस्थ होते. दादरकरांचा आरडाओरडा ऐकून ते हसले आणि म्हणाले, "हे काहीच न्हवं. एकदा शाहू स्टेडियमवर या." ते खरेच आहे. कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा आणि पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नुसती संघांची नावे नव्हेत, तिथल्या माणसांचे ते पत्ते आहेत. अशा सामन्यात हजारो कंठांतून एकदम "हो..." असा आवाज उठतो तेव्हा पंचांच्या कानावर तो पडल्यावाचून राहत नाही. पण त्याचा निर्णयावर परिणाम होतो का?

इंग्लंडमध्ये नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली याची परीक्षा घेतली. चाळीस प्रशिक्षित पंचांना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले ४७ प्रसंग दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले. गंमत अशी, की पाहुण्यांवर त्यांनी फारसा जादा अन्याय केला नाही. यजमानांना मात्र शंकेचा फायदा दिला. हे पंच प्रामाणिक होते, शिवाय खोलीत बसलेले होते आणि त्यांना कुणाची भीती नव्हती. चित्र अस्पष्ट असले की मन मिळेल ती जादा माहिती घेते, आणि गर्दीचा आवाज ही त्याला माहितीच वाटते. २०२० साली कोरोनाच्या साथीत रिकाम्या स्टेडियमांत सामने झाले. तेव्हा यजमानांना नेहमी मिळणारा फायदा अनेक ठिकाणी घटलेला आढळला.

यावर उपाय म्हणून कॅमेरा आला. त्याची एक कथा दादरशी जोडलेली आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये दरबानच्या कसोटीत भारताचा एक फलंदाज धाव घेताना माघारी वळला, जाँटी ऱ्होड्सने चेंडू फेकला, आणि मैदानावरच्या पंचांनी निर्णय दूरचित्रवाणीपुढे बसलेल्या पंचांकडे सोपवला. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो जगातला पहिला फलंदाज. दादरच्या शारदाश्रमात शिकलेला आणि शिवाजी पार्कवर घडलेला सचिन तेंडुलकर. त्या निर्णयावर वाद झाला नाही, कारण प्रश्न स्थानाचा होता. बेल्स उडाल्या त्या क्षणी बॅट रेषेच्या अलीकडे की पलीकडे? असल्या प्रश्नाला कॅमेरा चोख उत्तर देतो. फुटबॉलच्या नियमांत व्हिडिओ पंच २०१८ साली आले, आणि चेंडू रेषेपलीकडे गेला का, ऑफसाइड होते का, यांवरची बरीच भांडणे संपली किंवा निदान सेंटीमीटरवर आली.

पण 'पडला की पाडला' हा प्रश्न हेतूचा आहे, आणि हेतू कोणत्याही रेषेवर उभा नसतो. उलट संथ गतीने नवीच अडचण होते. २०१६ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की तीच कृती संथ गतीने पाहणाऱ्यांना ती अधिक हेतुपुरस्सर वाटते. अर्ध्या सेकंदाची घटना चार सेकंद दिसली, की करणाऱ्याला विचार करायला चार सेकंद होते असे पाहणाऱ्याला नकळत वाटू लागते. आमच्या शेजाऱ्यांच्या खोलीत तेच चालले होते. संथ चित्रणाने अर्जेंटिनावाल्यांना डेंबेलेचा हेतू दिसला आणि फ्रान्सवाल्यांना दी मारियाचा.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्हाला आपण मोठे जाणकार झालो असे वाटले. त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्या वसाहतीतल्या मुलांनी शिवाजी पार्कच्या चिखलात सामना ठेवला आणि शिट्टी आमच्या हातात दिली. एक मुलगा गोलाजवळ पडला. दोन्ही हात वर! आम्ही मनात म्हटले, हेच ते धनुष्य. मोठ्याने म्हणालो, "ऊठ, नाटक पुरे." तो उठला, काही बोलला नाही, लंगडत खेळला. त्याचा संघ एका गोलाने हरला. संध्याकाळी त्याचा घोटा टम्म सुजलेला त्याच्या आईने आम्हाला दाखवला. चिखलात पाय निसटला की हात तोल सावरायला वरही जातात, हे आम्हाला सुचायला हवे होते. शिवाय मध्ये दुसऱ्या एका मुलाची पाठ असल्यामुळे आम्हाला त्याचा पाय दिसलाच नव्हता. दिसला होता तो त्याचा लौकिक. हा मुलगा सोंगाड्या, असे आम्हाला आधीच सांगितलेले होते. पुढचे दोन रविवार तो खेळायला आला नाही.

शाळेत असले निवाडे रोज करावे लागतात. "सर, यानं मला ढकललं," "नाही बाई, तो आपणच पडला." म्हणून एक प्रयोग सुचवावासा वाटतो. आपल्या शाळेच्या एखाद्या सामन्याचे दहा मिनिटांचे चित्रण मोबाइलवर घ्यावे. आठवी-नववीच्या मुलांचे दोन गट करावेत. एका गटाला ते आवाजासह दाखवावे, दुसऱ्याला आवाज बंद करून. प्रत्येकाने कुणाशी न बोलता कागदावर दोन्ही संघांचे फाऊल वेगवेगळे मोजावेत. बोलू द्यायचे नाही हे महत्त्वाचे, नाहीतर वर्गातला सर्वांत मोठा आवाजच सरासरी ठरवतो. मग फळ्यावर दोन्ही गटांच्या सरासरी मांडाव्यात. जमल्यास तेच चित्रण दोन्ही शाळांशी संबंध नसलेल्या तिसऱ्या शाळेतल्या मुलांनाही दाखवावे, आणि कोणता संघ कुणाचा हे त्यांना सांगू नये. त्यांचे कागद वेगळ्या पाकिटात ठेवावेत, आणि आपल्या मुलांची बेरीज फळ्यावर लिहून झाल्यावरच ते पाकीट उघडावे.