फुटपट्टीवर दोन सेंटिमीटर

माझ्या शोकेसमधली सर्वांत बुटकी गाडी फुटपट्टीवर जेमतेम दोन सेंटिमीटर भरते: लान्चिया स्ट्रॅटोस झीरो. मूळ गाडी १९७०मध्ये तुरिनच्या प्रदर्शनात मांडली होती. उंची सुमारे ८४ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलापेक्षा चार-पाच बोटं जास्त! बाजूला दारं नाहीतच. पुढची काच उचलून आत शिरायचं. माझ्या खेळण्यात ती काच उघडत नाही, याची हळहळ कायमची.

शेजारी हिरवीगार अल्फा रोमिओ काराबो, १९६८ची. दोन्ही बेर्तोने कंपनीचा डिझायनर मार्चेल्लो गांदिनी याच्या हातच्या. काराबोची दारं कात्रीसारखी वर उघडतात.

बहुतेक संग्राहक एकास त्रेचाळीस हे माप धरतात. हा विचित्र आकडा आला खेळण्यातल्या आगगाड्यांवरून: एका फुटाला सात मिलिमीटर.

धुळीपेक्षा भीती जस्ताच्या रोगाची. ओतीव मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असलं, तर खेळणं वर्षानुवर्षांनी आतून फुगतं, तडकतं, भुगा होतं. औषध नाही.

परवा काराबोच्या मागच्या चाकाजवळ केसाएवढी रेघ दिसली. रंगाचा ओरखडा असेल. भिंग आणलंय, अजून लावून पाहिलेलं नाही.