घोडीचे नाल काढायचे तर चातुर्मासात

भिवंडीत वरातीच्या घोड्या डांबर-काँक्रीटवर चालतात, म्हणून नाल ठोकावेच लागतात. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त कमी. नाल काढून खुरांना विसावा द्यायला हाच काळ बरा. खूर महिन्याला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे खिळ्यांची जुनी भोकं खाली सरकून छाटली जायला काही महिने लागतात. तोवर घोडी मातीवरच फिरवा.

पण ठाण कोरडं हवं! ओल्या लिदीत उभं राहून तळव्याच्या खाचांत काळा, घाणेरड्या वासाचा चिकटा जमला, तर खूर सडतोय. रोज कोरून साफ करा. घोडी एकाएकी लंगडली आणि खूर गरम लागला, तर आत पू असू शकतो; पशुवैद्यच बोलवा. लाडाने धान्य, गूळ भरपूर चारू नका, त्यानेही खुराच्या आत सूज येते.