नव्या घरातील पिल्लाचे पोट

काशीनगरीत कुत्र्याला मानाचे स्थान आहे. नगराचा कोतवाल मानल्या गेलेल्या कालभैरवाचे ते वाहन असल्यामुळे त्याच्या मंदिराच्या परिसरात कुत्र्यांना अन्न घालण्याची प्रथा जुनी आहे. घाटांच्या पायऱ्यांवर, अरुंद गल्ल्यांत आणि मिठाईच्या दुकानांपुढे त्यांचे कळप सुखाने पहुडलेले दिसतात. यांपैकी एखादे पिल्लू कोणाच्या तरी घरी नेले जाते. क्वचित त्याचा प्रवास फार दूरवरचाही ठरतो. २०२३ साली वाराणसीच्या रस्त्यावरील जया नावाची एक कुत्री सर्व कागदपत्रे पूर्ण होऊन नेदरलँडमध्ये राहावयास गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली होती.

पिल्लू घाटावरून शेजारच्या गल्लीत आले काय किंवा सातासमुद्रांपलीकडे गेले काय, पहिल्या आठवड्यात घरच्या माणसांपुढे बहुधा एकच अडचण उभी राहते. पिल्लाला हगवण लागते. कधी वांतीही होते. पुष्कळदा हा त्रास दोन दिवसांत आपोआप थांबतो. परंतु काही वेळा तीच हगवण दोन-तीन दिवसांत पिल्लाचा प्राण घेते. या दोन अवस्थांमधील भेद वेळीच ओळखता येणे हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

धोका किती मोठा आहे?

रस्त्यावरील पिल्लांचे आयुष्य किती अनिश्चित असते, हे भारतीय शास्त्रज्ञांनीच मोजून दाखविले आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील प्राणिवर्तन-शास्त्रज्ञ अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी यांनी पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे सात महिन्यांपर्यंत, केवळ १९ टक्के पिल्ले जगली. मृत्यूंच्या कारणांत माणसाचा हात मोठा असला, तरी रोगांचा वाटाही होताच. पिल्लू घरी आणल्याने वाहनाखाली सापडण्याचे भय टळते. मात्र रस्त्यावर असताना शरीरात शिरलेला रोग त्याच्याबरोबरच घरात येतो.

उत्तर भारतात मोकाट कुत्र्यांची वेते मुख्यतः शरद व हिवाळा या ऋतूंत होतात. त्यामुळे पिल्ले घरी आणली जातात ती पुष्कळदा ऐन थंडीत. वाराणसीत जानेवारीच्या रात्री तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. पोट बिघडलेल्या पिल्लाला ऊब टिकविणे कठीण जाते, म्हणून कोरडी व उबदार जागा हा त्याच्या उपचाराचाच एक भाग समजावा.

नवे अन्न आणि जुने आतडे

सौम्य हगवणीचे सर्वसाधारण कारण म्हणजे अन्नात एकाएकी झालेला बदल. आतड्यात असंख्य सूक्ष्मजंतूंची वस्ती असते आणि ज्या प्रकारचे अन्न नित्य मिळते, त्याला साजेसे जंतू तेथे वाढतात. अन्न अचानक बदलले की ही व्यवस्था काही काळ विस्कटते. न पचलेले पदार्थ आतड्यात पाणी ओढून घेतात व विष्ठा पातळ होते. आईपासून दुरावणे, प्रवास व अपरिचित माणसे यांचा ताण त्यात भर घालतो.

घरी आलेल्या पिल्लापुढे बहुधा प्रेमाने दुधाची वाटी ठेवली जाते. पण गाईचे दूध कुत्रीच्या दुधाहून बरेच निराळे असते. कुत्रीच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि दुग्धशर्करा कमी असते. शिवाय पिल्लू दूध सोडू लागले की दुग्धशर्करा पचविणारे विकर त्याच्या आतड्यात कमी होत जाते. त्यामुळे वाटीभर दूध पुष्कळ पिल्लांना बाधते. मलईयुक्त मिठाई, जिलेबी, कचोरी यांविषयी तर बोलावयासच नको. चॉकोलेट, कांदा, द्राक्षे व मनुका हे पदार्थ कुत्र्याला प्रत्यक्ष विषारी आहेत.

भात मात्र कुत्र्याला चांगला पचतो आणि त्याचे कारण मनोरंजक आहे. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी लांडगा व कुत्रा यांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या शेतीबरोबर आणि त्याच्या उष्ट्यावर वाढता वाढता कुत्र्याचे पोट धान्याला सरावले, असा याचा अर्थ लावण्यात येतो.

यास्तव पहिले काही दिवस पिल्लाला त्याच्या परिचयाचेच अन्न द्यावे व नवे अन्न सात दिवसांत हळूहळू वाढवावे: आरंभी एक चतुर्थांश, मग निम्मे, मग तीन चतुर्थांश. पोट बिघडल्यास मऊ शिजवलेला भात व त्यात मीठमसाला, हाडे किंवा चरबी नसलेले उकडलेले कोंबडीचे मांस थोडे थोडे करून दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. मोठ्या कुत्र्याप्रमाणे लहान पिल्लाला उपाशी ठेवू नये. त्याच्या यकृतात साखरेचा साठा अत्यल्प असतो व काही तासांच्या उपवासानेही रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.

जन्मापासूनचे सोबती

रस्त्यावरील पिल्लाच्या पोटात जंत असणे हा जवळजवळ नियमच होय. गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या स्नायूंत सुप्त राहतात, गर्भारपणी जाग्या होतात आणि वारेतून गर्भात शिरतात. म्हणजे पिल्लू जन्मतेच ते जंत घेऊन. अंकुशकृमींच्या अळ्या आईच्या दुधातून येतात. हे कृमी आतड्याच्या भिंतीला चिकटून रक्त शोषतात. हिरड्या फिकट पडतात व विष्ठा काळी होते. पुढे आलेले नगाऱ्यासारखे पोट हे पुष्टीचे लक्षण नसून बहुधा जंतांचे लक्षण असते. जंताचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा द्यावे लागते व त्याची मात्रा वजनावरून पशुवैद्यच ठरवितात.

गोल जंतांचा माणसाशीही संबंध आहे. त्यांची अंडी मातीतून मुलांच्या पोटात गेल्यास अळ्या यकृतात, फुप्फुसांत, क्वचित डोळ्यांतही फिरतात, हे १९५२ साली अमेरिकेत पॉल बीव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. ताज्या विष्ठेतील अंडी बाधक नसतात. ती तशी होण्यास दोन आठवड्यांच्या आसपास काळ लागतो. म्हणूनच विष्ठा रोजच्या रोज उचलणे आणि मुलांनी हात धुणे एवढ्यानेच पुष्कळसा धोका टळतो.

पार्व्होचा विषाणू

ज्या हगवणीचे खरे भय बाळगावयाचे, ती पार्व्हो विषाणूची. १९७८ साली हा रोग प्रथम ओळखला गेला आणि सुमारे दोन वर्षांत जगभर पसरला. मांजरांत आढळणाऱ्या तशाच एका विषाणूत बदल होऊन तो उत्पन्न झाला असावा. भारतात त्याची नोंद १९८०च्या दशकाच्या आरंभापासून आहे.

हा विषाणू वेगाने विभागणाऱ्या पेशींतच वाढू शकतो आणि पिल्लाच्या शरीरात अशा पेशी विपुल असतात. आतड्याचे अस्तर काही दिवसांत झिजते व नव्या पेशींनी भरून निघते. त्या नव्या पेशी घडविणारे कारखानेच विषाणू नष्ट करतो. अस्तर उघडे पडते, रक्त व पाणी बाहेर जाते आणि आतड्यातील जंतू रक्तात शिरतात. त्याच वेळी अस्थिमज्जेवरही हल्ला झाल्याने त्यांच्याशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. उपचार न झाल्यास बहुसंख्य पिल्ले दगावतात. वेळीच शिरेतून द्रव व औषधे मिळाल्यास बहुसंख्य वाचतात.

विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो व नेहमीच्या फिनाइलला दाद देत नाही. कपडे शुभ्र करण्यासाठी वापरतात ते क्लोरीनयुक्त द्रावण तीस पट पाण्यात मिसळून, आधी धुऊन काढलेल्या फरशीवर दहा मिनिटे राहू द्यावे. ज्या घरात असे पिल्लू दगावले, तेथे लस न टोचलेले दुसरे पिल्लू आणू नये.

लस प्रभावी आहे, पण तिच्या मार्गात एक अडथळा असतो. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, तशीच ती लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा देतात.

पाणी हेच पहिले औषध

हगवणीत मरण येते ते प्रामुख्याने शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी आतड्यात शर्करा व सोडियम एकमेकांच्या साह्याने शोषले जातात, ही कल्पना मांडली. त्याच तत्त्वावरील साखर-मिठाचे पाणी १९७१ साली डॉ. दिलीप महालनवीस यांनी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रुग्णांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. कुत्र्याच्या आतड्याचे कार्यही याच तत्त्वावर चालते. वांती होत नसेल, तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने असे द्रावण पिल्लाला घोटाघोटाने देता येते. वांती होत असेल, तर मात्र बळेच पाजू नये. ते फुप्फुसात जाण्याचा संभव असतो.

शोष ओळखण्याची रीत सोपी आहे. हिरडीवर बोट दाबून सोडावे. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. हिरड्या चिकट वा फिकट असणे, डोळे खोल जाणे, मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहणे ही शोषाची चिन्हे होत.

केव्हा थांबू नये

पिल्लू खेळत असेल, खात असेल आणि विष्ठा नुसतीच पातळ असेल, तर एक दिवस पथ्यावर ठेवून पाहण्यास हरकत नाही. विष्ठेत रक्त, वारंवार वांती, अन्नावरील वासना उडणे, मलूलपणा, शोषाची चिन्हे किंवा अंग गार पडणे यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. माणसांची हगवण थांबविणारी औषधे, पॅरासिटामॉल वा आयब्युप्रोफेन पिल्लाला कदापि देऊ नयेत.

आणखी एक सावधगिरी अगत्याची आहे. पिल्लाला गिळता येत नसेल, लाळ गळत असेल व वागणे विचित्र असेल, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नये. ते पिसाळीचे लक्षण असू शकते. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालयात जावे.

पिल्लू घरी आणावयाचे ठरविताच पशुवैद्यांची पहिली भेटही ठरवून टाकावी व त्या भेटीस थोडी ताजी विष्ठा बंद डबीत घालून न्यावी. सूक्ष्मदर्शकाखाली ती तपासली असता जंतांची अंडी दिसतात आणि औषध कोणते द्यावयाचे, याचा निर्णय तर्कावर न सोडता पुराव्यावर करता येतो.