हलक्या गाडीचा घाट

स्पोर्ट्‌स कारच्या शौकिनांत दोन तट कायमचे पडलेले आहेत. एक म्हणतो, जुन्या गाड्यांत जीव होता. आताच्या म्हणजे चाकांवरचे संगणक. दुसऱ्याचं उत्तर तयारच असतं: भावना बाजूला ठेवा, आकडे बघा. आकडे बघायला हरकत नाही, फक्त कोणते बघायचे ते आधी ठरवावं लागतं. आपल्या देशात मोटारीला जास्तीत जास्त वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटरची, तीही द्रुतगती मार्गांवर. तेव्हा ताशी 300 चा आकडा म्हणजे तिजोरीतला दागिना, लग्नाकार्यालाही बाहेर न निघणारा. हातखंब्याहून रत्नागिरीकडे उतरताना, आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर किंवा साखरप्याकडून आंबा घाट चढताना खरे उपयोगी पडणारे आकडे दोनच आहेत: गाडीचं वजन आणि गाडीची रुंदी. हे दोन धरले, तर जुन्यांची बाजू मांडायला हळवं होण्याची गरजच उरत नाही.

पोर्शे 911 चं उदाहरण घेऊ, कारण एकाच नावाने आणि जवळपास एकाच आकाराच्या कल्पनेने साठ वर्षं टिकलेली दुसरी स्पोर्ट्‌स कार सापडणं अवघड. 1964 मध्ये ती विकायला आली तेव्हा वजन होतं सुमारे 1,080 किलो आणि रुंदी 1.61 मीटर. आजच्या पिढीतली साधी कॅरेरा सुमारे 1,500 किलोची आणि 1.85 मीटर रुंद आहे. आपल्याकडे एकेरी रस्त्याची प्रमाण रुंदी 3.75 मीटर. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असलेल्या अशा रस्त्यावर दोन जुन्या 911 समोरासमोर आल्या, तर मध्ये अर्धा मीटर मोकळा राहील. दोन नव्या आल्या तर राहतील पाच सेंटिमीटर, आणि त्यात आरसे धरलेले नाहीत! वजनाचा हिशेब घाट उतरताना कळतो. दर 100 मीटर उंची उतरण्यामागे 1,500 किलोच्या गाडीची जवळपास 15 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, 700 किलोच्या गाडीची 7 लाखांहून कमी. ती जिरवण्याचं काम इंजिन आणि ब्रेक करतात. नव्या गाडीचे ब्रेक मोठे आणि उत्तम असतात हे खरं, पण त्यांचा बराचसा मोठेपणा गाडीने स्वतःच वाढवलेलं ओझं निस्तरण्यात खर्ची पडतो. 911 च्या 2011 मध्ये आलेल्या पिढीत हायड्रॉलिक स्टेअरिंग जाऊन इलेक्ट्रिक आलं तेव्हा शौकिनांनी केलेली ओरडही अशीच, हळवेपणाची नव्हती. रस्ता हाताला कळेनासा झाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

हा विचार करताना कोकणातल्याच एका गाडीची आठवण ठेवायला हवी. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत शमा आणि गिडो बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने या शतकाच्या आरंभी रोडस्टर 1.8 एस नावाची दोन आसनी उघडी गाडी बांधली. तिच्या मागची कल्पना लोटसच्या 1957 सालच्या सेव्हनची. कॉलिन चॅपमनच्या त्या गाडीचं वजन जेमतेम अर्धा टन, आणि ताकद वाढवण्याआधी ओझं उतरवायचं हा चॅपमनचा खाक्या. चिंकाराने इंजिन घेतलं इसुझूचं 1.8 लिटरचं, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सच्या अँबेसेडरमध्ये असायचं ते. टनाहून जड डबा आणि आत कोंबलेलं अख्खं वऱ्हाड ओढण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या इंजिनावरचा लोखंडी पत्र्याचा बोजा काढला आणि वर फायबरचं हलकं अंग चढवलं. टॅक्सीच्या इंजिनाची स्पोर्ट्‌स कार झाली ती अशी, इंजिन बदलून नव्हे तर त्याचं काम बदलून. फायबरचं अंग ही कोकणाला परकी गोष्टही नाही. साचा, काचतंतूंची चटई आणि रेझिन यांच्या याच तंत्राने बांधलेल्या होड्या रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दिसतात. खाऱ्या हवेत पत्र्याला जसा गंज चढतो तसा फायबरला चढत नाही.

हलकेपणा पुरेसा असता, तर मग सॅन स्टॉर्म का आठवत नाही, असं कुणी विचारेल. 1998 मध्ये आलेली ही भारतीय गाडीसुद्धा छोटी, दोन आसनी आणि फायबरचीच होती. पण तिचं 1.2 लिटरचं रेनॉ इंजिन साधारण 60 अश्वशक्तीचं, आणि चेहरा वेगाचं जे आश्वासन देई ते पुरं करणं त्याला जड जाई. म्हणजे हलकेपणा ही अट आहे, हमी नव्हे. सुरक्षिततेचा आक्षेप याहून गंभीर. वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ओल्या वळणावर चाकं जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि घसरती गाडी सावरणारी स्थिरता प्रणाली हे चोचले नाहीत. इथे नव्यांची बाजू निर्विवाद बळकट आहे आणि जुन्यांच्या भक्तांनी ती मुकाट्याने मान्य करावी. मात्र या सगळ्यामुळेच वजन वाढतं, हा पुढचा दावा टिकत नाही. 1989 ची माझ्दा एमएक्स-5 एका टनाच्या आतली होती. 2015 मध्ये आलेली तिची चौथी पिढी आधुनिक सुरक्षा साधनं घेऊनही एका टनाच्या आसपासच राहिली. वजन वाढतं त्यात नियमांइतकाच हात मोठी चाकं, मोठे पडदे आणि गुबगुबीत आसनांचा असतो. गिऱ्हाइकाची हौस, दुसरं काय.

राहिला टपाचा प्रश्न. कोकणात उघडी गाडी बांधणं म्हणजे वेडेपणा, हा टोमणा चिंकाराला सहज मारता येतो, आणि चार महिन्यांपुरता तो खराही आहे. पण पावसाळ्यातली मासेमारीबंदी 1 जूनला सुरू झाली की होड्याही किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. होडी पावसात चालत नाही म्हणून ती होडीच नव्हे, असं मिरकरवाड्यात कुणी म्हणत नाही.