अंगठा बदलता येत नाही, पण त्याला कुलूप लावता येतं

आपल्या आधार कार्डाच्या झेरॉक्स आजवर कुठे कुठे गेल्या, आठवतंय का? सिम घेताना दिली, गॅसला दिली, गटाच्या कर्जाला दिली, पोरांच्या शाळेत दिली. त्यातली एखादी चुकीच्या हाती गेली, किंवा एखाद्या कार्यालयाच्या संगणकातून सगळ्यांची माहिती फुटली, तर त्यात आपला दोष नसतो. पण पुढचा बंदोबस्त मात्र आपल्यालाच करावा लागतो.

गावात बँक मित्राकडे आपण अंगठा लावून पैसे काढतो. त्यासाठी बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी लागत नाही. म्हणून ‘मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही’ एवढ्यानं भागत नाही. ठसाही चोरता येतो. २०१८ साली तेलंगणात जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उतरवून त्यांचे नकली अंगठे बनवले गेले आणि लोकांच्या नावावर सिम कार्डं चालू केली गेली. एटीएमचा पिन बदलता येतो, अंगठा कसा बदलणार?

पण अंगठ्याला कुलूप लावता येतं. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ची सोय आहे. ते लावलं की आपला ठसा कुठल्याच मशिनवर चालत नाही. रेशनला किंवा पैसे काढायला जाताना ते तात्पुरतं उघडायचं. यासाठी आधारला आपला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. नसेल तर आधार केंद्रात जाऊन आधी तो जोडून घ्या. आधारची मदत १९४७ या नंबरवर मिळते.

दुसरं काम पासबुकाचं. महिन्यातून एकदा तरी नोंदी छापून घ्या. बँक मित्र म्हणाला, ‘झालं नाही, पुन्हा अंगठा लावा,’ तर आधी न झालेल्या व्यवहाराची पावती मागा, मगच पुन्हा अंगठा लावा.

तिसरं, आपल्या नावावर दुसऱ्या कुणी कर्ज किंवा सिम घेतलंय का, ते पाहा. असं कर्ज थकलं तर आपलं नाव खराब होतं आणि गरजेच्या वेळी आपल्यालाच कर्ज नाकारलं जातं. सिबिलसारख्या कंपनीकडून वर्षातून एकदा आपल्या कर्जांचा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. सिमची माहिती सरकारच्या ‘संचार साथी’वर दिसते, आणि आपलं नसलेलं सिम तिथूनच बंद करायला सांगता येतं.

आणि पैसे गेलेच तर? लाजत, घरच्यांना भीत बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता आले तर वाचतात. त्याच दिवशी बँकेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही अशा वेळी, बँकेकडून व्यवहाराचा निरोप आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर नुकसान आपल्यावर पडत नाही. चार ते सात दिवस लावले तर थोडा भार आपल्यावर येतो. तो जनधनसारख्या साध्या खात्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये आणि इतर बचत खात्याला १०,००० रुपये असतो. त्यानंतर मात्र बँकेच्या धोरणावर अवलंबून राहावं लागतं. म्हणून तारीख महत्त्वाची.

यापुढे झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारा आणि कशासाठी दिली ते तारखेसह लिहा. चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्या.

गटाच्या येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास याच कामाला द्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी दोघीदोघींना शेजारी बसवून कुलूप लावून द्यावं. ओटीपी मात्र ज्या बाईचा, तिनंच टाकायचा. आणि १९३० हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.